पाटीवरची रेषा : शालेय चित्रकलेच्या तासाचा इतिहास

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासाचे स्थान मोठे चमत्कारिक असते. वर्षारंभी तो तास मानाने छापलेला असतो. परंतु परीक्षा जवळ आली, अभ्यासक्रम मागे पडला किंवा एखादे शिक्षक रजेवर गेले की सर्वांत आधी त्याच तासावर गदा येते. तरीही आपल्या कुटुंबांतील आजोबांना, वडिलांना व नातवंडांना शाळेविषयी काय आठवते असे विचारले, तर तिघांच्याही आठवणीत ड्रॉइंगचे मास्तर, पाण्याने गढूळ झालेला डबा आणि कधीही मनासारखी न जमलेली ती पितळी लोटी हमखास निघते. मुलाच्या हाताला रेषा काढायला शिकवायचे ते नेमके कशासाठी, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली आहेत.

या वाटचालीचा आरंभ मुंबईत झाला. सर जमशेटजी जीजीभाई या दानशूर पारशी व्यापाऱ्यांनी १८५३ साली कला व उद्योगाच्या शाळेसाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्या काळच्या एक लाखाचे मोल आज कल्पनेनेच जाणावे लागते. या देणगीतून मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले आणि त्यांतूनच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. १८६६ मध्ये संस्थेचे व्यवस्थापन सरकारने आपल्याकडे घेतले व १८७८ मध्ये ती स्वतःच्या वास्तूत गेली. देणगीदाराचा हेतू देशी कारागिरांच्या हाताला नवे वळण लागावे व त्यांच्या पोटापाण्याची सोय व्हावी हा होता. चित्रकार घडविणे हे उद्दिष्ट पहिल्या दिवशी कोणाच्याच मनात नव्हते, ही गोष्ट पुढचा सारा इतिहास समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

कारण शिकविण्याची पद्धत आली ती लंडनहून. १८५१ च्या भव्य औद्योगिक प्रदर्शनानंतर इंग्लंडमध्ये हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी साऊथ केन्सिंग्टन येथून चित्रकलेचा एक राष्ट्रीय पाठ्यक्रम आखला. त्यात वीसहून अधिक पायऱ्या होत्या. आधी सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग छापील नक्षीची बाह्यरेखा, मग प्लास्टरच्या नमुन्यांवरून छायाप्रकाश, असे एकेक पायरी चढत जायचे. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीवर पाऊल ठेवायचे नाही. कापडावरील छपाई, भांड्यांवरील नक्षी, लोखंडी जाळ्या यांसाठी नेमका हात असलेला कामगार तयार व्हावा, एवढीच त्यामागील दृष्टी होती. त्या दृष्टीने पाहिले तर पद्धत हुशारीने रचलेली होती. मात्र सात वर्षांच्या मुलाला वहीवर काय काढावेसे वाटते, याला त्यात कोठेही जागा नव्हती.

१८६५ साली जॉन ग्रिफिथ्स व लॉकवुड किपलिंग हे दोन शिक्षक मुंबईस आले. ज्येष्ठ किपलिंगांचे नाव आज त्यांच्या लेखक पुत्रामुळे अधिक ओळखले जाते. हा पुत्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईतच जन्मला. या दोघांनाही भारतीय कारागिरीविषयी खरी आस्था होती. ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी त्या कामात होते. लंडनला पाठविलेल्या या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या, तरीही १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यावरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. विरोधाभास असा की, ज्या संस्थेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत दिवसच्या दिवस काढीत होते, त्याच संस्थेतून प्रांतभर पसरलेला शालेय पाठ्यक्रम मात्र परदेशी नक्षीच्या नमुन्यांवर उभा होता. पाटण व जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या शतकानुशतके जतन केलेल्या होत्या. परंतु त्या पोथ्यांतील ओघवती रेषा पाहण्याजोगी आहे, असे त्या काळच्या शाळेतील मुलास कोणी सांगितले नाही.

शालेय शिक्षणात चित्रकला हा विषय १८७९ पासून आला, आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग जे. जे. मध्ये सुरू झाला. या दुसऱ्या घटनेकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. वास्तविक महाराष्ट्राच्या गावागावांत चित्रकला पोहोचली ती यामुळेच. मोठ्या चित्रकारांची नावे ग्रंथांतून वाचायला मिळतात. परंतु तालुक्याच्या हायस्कुलात कोट-टोपी घालून फळ्यावर एका दमात वर्तुळ काढणारा ड्रॉइंग मास्तर हा या इतिहासाचा खरा वाहक होय. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० मध्ये जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले आणि पुढे काही काळ संचालकपदाचे कामही त्यांनी पाहिले. त्यांच्या 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या आत्मकथनातून त्या काळच्या कलाशिक्षणाचे अंतरंग दिसते.

मुंबई इलाख्यात शालेय चित्रकलेला खरा आकार दिला तो ग्रेड परीक्षांनी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे मराठी घरांत इतकी रुळली की ती इंग्रजी आहेत याचाच विसर पडला. साधारण सातवी-आठवीच्या वयात मुलगा किंवा मुलगी रंगपेटी, पाण्याचे भांडे, पॅड व कंपासपेटी घेऊन दुसऱ्या शाळेतील केंद्रावर जातो, जन्मात प्रथमच अनोळखी बाकावर बसतो आणि मोठ्यांसारखी परीक्षा देतो, हा प्रसंग पुष्कळांच्या आयुष्यातील पहिल्या 'बाहेरच्या' परीक्षेचा असतो. समोर मांडलेल्या वस्तूंचे वस्तुचित्र, आठवणीतून काढायचे स्मरणचित्र, नक्षीचे संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे एलिमेंटरीचे स्वरूप दीर्घ काळ राहिले. इंटरमिजिएटला त्यात घनभूमितीची भर. पूर्वीच्या पिढ्यांना मुक्तहस्तचित्रही असे. १९६५ मध्ये महाराष्ट्र शासनाचे स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाल्यावर या परीक्षा त्याच्या अखत्यारीत आल्या.

या परीक्षांवर टीका करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळ झालीही आहे. परंतु त्यांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. वस्तुचित्राने मुलांना पाहायला शिकविले. लोटीचे तोंड प्रत्यक्षात गोल असले तरी बाकावरून ते लंबगोल दिसते, लोटी जितकी डोळ्यांच्या पातळीजवळ तितका तो लंबगोल चपटा होत जातो, आणि जवळ ठेवलेल्या वांग्याची सावली टेबलावर पडून पुढे लोटीच्या अंगावर चढते, या गोष्टी मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी शोधाव्यात, हा उत्तम पाठ आहे. कर्तव्यभूमितीने कर्कटक व गुण्या हाताळण्याची शिस्त दिली. पुढे स्थापत्य, यंत्रविद्या किंवा सुवर्णकाम यांकडे वळलेल्या कित्येकांना ती आयुष्यभर पुरली. सराफी व कापडाच्या व्यवसायातील घरांना नक्षीची जाण किती उपयोगी पडते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

बिघडले ते स्मरणचित्रात. मुळात ही कल्पना फार सुंदर. भाजीबाजार, एस. टी. स्थानक, दिवाळीची पहाट, पावसातील शाळा असा एखादा विषय द्यायचा आणि मुलाने आपल्या अनुभवातून, नमुन्याशिवाय चित्र रचायचे. साऊथ केन्सिंग्टनच्या जिन्यावर मुलाच्या स्वतःच्या आयुष्याला मिळालेली ही एकच खिडकी होती. परंतु परीक्षा आली की मार्गदर्शिका येतात. डोक्यावर टोपली घेतलेली स्त्री, पाठमोरा शेतकरी, छत्रीखालची दोन मुले अशा ठरावीक आकृत्या पाठ करून कोणत्याही विषयात बसविण्याची युक्ती शिकवणी वर्गांनी शोधून काढली. विषय यात्रेचा असो वा रेल्वे फलाटाचा, कोपऱ्यात तीच टोपलीवाली उभी. ज्या मुलीने स्वतःच्या आजीबरोबर दर रविवारी मंडईत जाऊन तोंडलीचे ढीग पाहिले, तिच्या चित्रात आजीही नाही आणि तोंडलीही नाहीत. एका चांगल्या पाठाची अशी घोकंपट्टी व्हावी, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

इकडे ग्रेड परीक्षा मूळ धरीत असतानाच युरोपात अगदी निराळा विचार अंकुरत होता. फ्रांझ चिझेक हा तरुण चित्रकार व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकण्यासाठी आला आणि एका सुताराच्या घरी भाड्याने राहिला. सुताराची मुले त्याच्या खोलीत येत, त्याचे रंग-कागद मागत आणि वाटेल ते काढीत बसत. चिझेकच्या ध्यानात आले की, ही मुले वाईट मोठ्यांसारखी चित्रे काढीत नाहीत. त्यांच्या चित्रांना स्वतःचेच नियम आहेत. १८९७ मध्ये त्याने मुलांसाठी वर्ग उघडला. तेथे नमुना मांडून ठेवलेला नसे. कागद कापून चित्र रचणे, लिनोलियमवर कोरून छापणे, मातीत घडविणे असे नाना प्रकार मुले हाताळीत. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सुमारास या मुलांची चित्रे इंग्लंडमध्ये प्रदर्शित झाली आणि तेथील शिक्षकांना मोठाच धक्का बसला.

इंग्लंडमध्ये त्याआधीच एका शिक्षिकेने स्वतंत्रपणे असाच मार्ग शोधला होता. मॅरियन रिचर्डसन १९१२ पासून डडली येथील मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत. वर्गात शिरल्यावर त्या मुलींना डोळे मिटायला सांगत व शांत आवाजात एखादे दृश्य वर्णन करीत. मिटल्या डोळ्यांपुढे चित्र पूर्ण उभे राहिल्यावरच मुलीने कुंचला हाती घ्यायचा. कधी काहीच न सांगता नुसते डोळे मिटून अंतःचक्षूंपुढे जे रंग-आकार तरंगतील तेच कागदावर उतरवायचे. १९१७ मध्ये रॉजर फ्राय या कलासमीक्षकाने ही चित्रे लंडनमध्ये मांडली. डोळे मिटून चित्राची तयारी करावी, ही गोष्ट ध्यानाची परंपरा जाणणाऱ्यांना नवलाची वाटू नये. रिचर्डसन बाईंनी पुढे हस्ताक्षरासाठीही एक रीत बसविली : अक्षरांतील वळणेच लयीत पुनःपुन्हा काढून त्यांची वेलबुट्टी करायची, ती रंगवायची, आणि हात मोकळा झाला की अक्षरांकडे वळायचे.

या वेलबुट्टीचा पाठ आपल्या घरांत फार जुना आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणारी आठ वर्षांची मुलगी अंतर, समतोल व पुनरावृत्ती हे नक्षीचे तिन्ही घटक पुस्तकाशिवाय शिकते. मंदिरात पाटावर अक्षतांचा स्वस्तिक काढणारे मूल तर चित्रकलेचा एक संपूर्ण पाठच गिरवीत असते. मुठीतून तांदूळ किती वेगाने सोडायचे, चार पाती समान कशी ठेवायची, वर ज्ञान, दर्शन व चारित्र यांच्या तीन राशी किती अंतरावर घालायच्या आणि सिद्धशिलेची चंद्रकोर त्यांच्यावर मध्यभागी कशी येईल, हे सारे त्याला बोटांनी कळते. चुकले तर तांदूळ पुन्हा गोळा करता येतात. खोडरबराची गरज पडत नाही. पाठशाळेत याचा अर्थ आवर्जून सांगितला जातो. त्यातील हाताचे शिक्षण मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

भारतात या नव्या विचारास अनुकूल भूमी मिळाली ती शांतिनिकेतनात. १९१९ मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्या नेतृत्वाखाली झाडे, जनावरे, ऋतू व सण हेच पाठ्यपुस्तक ठरले. या धाग्याचे एक टोक महाराष्ट्राशी जुळले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून नंदबाबूंनी बांबू व अशाच स्थानिक साहित्यातून तेथील नगर सजविले. परिसरात जे सहज मिळते त्यातून सौंदर्य उभे करता येते, हा धडा तेथे हजारो खेडुतांनी डोळ्यांनी पाहिला.

गांधीजींना या प्रश्नाची जाण स्वतःच्या उणिवेतून आली होती. आपले अक्षर वाईट आहे याची खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितली आहे, आणि त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो शिक्षकांनी लक्षात घ्यावा असा आहे : मुलाला आधी चित्र काढायला शिकवावे, पक्षी, फूल यांसारखीच अक्षरेही त्याने डोळ्यांनी पाहावीत, वस्तू रेखाटता येऊ लागल्यावर अक्षर गिरवायला घ्यावे, म्हणजे ते आपोआप सुंदर येईल. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली व डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नव्या शिक्षणाचा आराखडा केला. त्यात हस्तोद्योग केंद्रस्थानी होता, आणि मातृभाषा, गणित यांच्या पंक्तीला चित्रकला व संगीतही बसविलेले होते. ही बाब अनेकदा विसरली जाते. नई तालीम म्हणजे केवळ टकळी, असा समज रूढ झाला आहे.

तो समज खोडून काढणारे काम सेवाग्राम येथे झाले. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे तरुण कलाकार १९४४ साली कलाशिक्षक म्हणून तेथे आले आणि १९६२ पर्यंत राहिले. आर्यनायकम् दांपत्याच्या देखरेखीखाली चाललेल्या त्या शाळेत कलाभवन उभे राहिले. चित्रकलेबरोबरच कुंभारकाम हा देवीप्रसाद यांचा स्वतःचा विषय होता. शेतात व चरख्यावर काम करणाऱ्या घरांतील मुलांना त्यांनी रंग दिले आणि ती काय काढतात ते वर्षानुवर्षे बारकाईने पाहिले, जपून ठेवले. मोठ्यांनी मुलाच्या चित्रात आपला हात घालू नये, आणि नक्कल करायला लावू नये, हे त्यांचे ठाम मत. मुलांच्या कलेवरील त्यांचा हिंदी ग्रंथ या अनुभवातून जन्मला. पुढे १९९८ मध्ये 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर अठरा वर्षे चाललेला हा प्रयोग महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांनी जितका अभ्यासायला हवा होता तितका अभ्यासला नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. ग्रेड परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बसेल असे त्यात काही नव्हते, हे त्यामागील एक कारण असावे.

याच काळात ताराबाई मोडक दुसऱ्या बाजूने तेथेच पोहोचत होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करून त्या महाराष्ट्रात आल्या. १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे कोण आणणार? म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. पानांची रांग लावणे, शिंपल्यांचे आकार जुळविणे, बियांची नक्षी मांडणे यांतून मूल मोजणीही शिके आणि रचनाही. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनात त्या दिवसांचे चित्र आहे. ज्या वारली घरांतील ही मुले, त्या घरांच्या भिंतींवर लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या होत्या. १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर गेली. आता शहरांतील शाळांच्या वह्यांत वारली चित्रांच्या किनारी काढल्या जातात, ही आनंदाची गोष्ट. परंतु दोन त्रिकोण व एक वर्तुळ जोडून माणूस काढण्याची युक्ती तेवढी उचलली जाते, आणि नाचणारे पाय, पेरणी, जंगल हे पाहण्याचे कष्ट टाळले जातात. टोपलीवालीच्या जागी वारली माणूस आला, एवढाच काय तो फरक.

मुलांच्या चित्रांचा वयाशी असलेला संबंध व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. दोन ते चार वर्षे रेघोट्यांची. चार ते सात या काळात डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस हळूहळू घडत जातो. सात ते नऊ या वयात जमिनीची एक रेघ, तिच्यावर ओळीने घर-झाड-माणसे, आणि घराच्या भिंतीतून आतली माणसेही दिसणारी. या वयाची मुले पुष्कळदा बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यालाही दोन डोळे काढतात. शिक्षक ते चूक म्हणून खोडतात. येथे कल्पसूत्राच्या पोथ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. त्यांतील चेहऱ्यांचा दुसरा डोळा गालाच्या रेषेबाहेर अधांतरी काढलेला असतो. ते चित्रकार अजाण नव्हते. जे आहे ते दिसलेच पाहिजे, ही त्यांच्या शैलीची रीत होती. लहान मूलही आपल्या परीने तेच म्हणत असते, हे जाणणारा शिक्षक लाल पेन खाली ठेवील.

खरी कसोटी नऊ ते बारा या वयात लागते. या वयात मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे नाही हे प्रथमच कळू लागते, आणि 'मला चित्र येत नाही' हे वाक्य याच सुमारास ऐकू येते. बहुसंख्य माणसांची चित्रकला या वाक्यापाशी कायमची थांबते. पाचवी ते आठवीचे वर्ग याच उंबरठ्यावर असल्यामुळे तेथे कोणता पाठ दिला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. अनुभवी शिक्षकांनी येथे काही उत्तम उपाय काढले आहेत. कागद फाडून-चिकटवून चित्र करायला दिले तर हुबेहूबपणाची धास्ती जाते. भेंडीचा, कांद्याचा, पानाचा ठसा उमटविताना नक्षी आपोआप घडते. मूल आपल्याच चपलेचे चित्र कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी हळू फिरवीत काढते तेव्हा रेषा वेडीवाकडी येते खरी, पण ती जिवंत असते, आणि वर्गात कोणाचीच बरोबर नसल्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. शाडूच्या किंवा कुंभाराच्या मातीत हात घातला की ज्याला रेषा येत नाही त्याला आकार येतो, असेही वारंवार दिसते. एकाच झाडाचे चित्र जून, ऑक्टोबर व मार्च अशा तीन वेळा काढवून घेणे हा पाठ तर विनाखर्चाचा. त्यासाठी शाळेच्या आवारात एक झाड पुरते. या सर्व पाठांना पंचेचाळीस मिनिटे आणि मुलांना ओळखणारा शिक्षक लागतो.

स्वातंत्र्यानंतर साहित्याची सोय वाढली. १९३१ मध्ये शाईपासून आरंभ करणाऱ्या दांडेकरांच्या कॅम्लिनने पुढे रंगपेट्या व खडू घरोघर नेले. १९४९ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी दिल्लीत सुरू केलेली मुलांची चित्रस्पर्धा पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय झाली, आणि तेव्हापासून गावोगावच्या मंडळांनी व संस्थांनी चित्रकला स्पर्धा भरवायला प्रारंभ केला. स्पर्धांनी मुलांना कागद-रंग दिले, व्यासपीठ दिले. बक्षिसासाठी पालकांनीच चित्र ठरवून मुलाकडून पाठ करून घेण्याची प्रथाही त्यांनीच आणली. सुटीच्या दिवशी सभागृहात दोनशे मुले बसलेली असतात आणि चाळीस कागदांवर तोच सूर्य दोन डोंगरांमधून उगवतो. परीक्षक त्यांतून पहिला क्रमांक शोधीत फिरतात.

अलीकडच्या काळात दोन घटनांचा परिणाम या तासावर झाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद करतो. परंतु ती शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांसाठी. ज्या पदावर पूर्वी ए. टी. डी. झालेला पूर्णवेळ कलाशिक्षक असे, तेथे आता तासापुरता येणारा निदेशक, आणि लहान शाळेत तोही नाही, असे चित्र निर्माण झाले. दुसरीकडे २०१० नंतरच्या दशकात इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळण्याची सोय झाली आणि ग्रेड परीक्षांकडे पालकांचा ओढा नव्याने वाढला. म्हणजे शाळेतील शिक्षक कमी होत असताना परीक्षेची मागणी वाढली. ही पोकळी भरून काढली ती खासगी शिकवणी वर्गांनी. तेथील भिंतीवर गतवर्षीच्या 'अ' श्रेणीच्या चित्रांच्या प्रती लावलेल्या असतात.

शंभराहून कमी पटाच्या शाळेत चित्रकलेचा तास वर्गशिक्षकच घेतात. त्यांना या विषयाचे प्रशिक्षण बेताचेच मिळालेले असते. ते फळ्यावर खडूने पोपट काढतात, वर्गातील तीस मुले तीस पोपट काढतात, आणि सर्वांचे रंग हिरवेच असतात. मागच्या बाकावरील एखादी मुलगी आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर, तास संपायच्या आत, शाळेबाहेरच्या चिंचेच्या झाडावर बसलेला कावळा काढीत असते. ते पान मात्र सहीसाठी शिक्षकांपुढे कधी येत नाही.